अपेक्षेच्या रकान्याचा खुलासा

नांदेड, मंगळवार, जेवणाची सुट्टी

आदरणीय शहेबाजभाई जिलानी पठाण यांना,

आनंदराज नरवाडे याचा जय भीम आणि सलाम, दोन्ही एकदमच. आधी कोणता घ्यायचा ते तुमच्या मर्जीवर. इकडे मी, आई आणि गच्चीवरची टाकी असे तिघेही ठीक आहोत (टाकी जरा गळते). जिलानीचाचांचा उजवा हात आता कितपत उचलतो? मागे तुम्ही म्हणाला होता की कप धरतात पण बशी धरवत नाही. बशी धरायला लागले असतील तर कळवा, आईने विचारलंय. बानोखालांच्या गुडघ्यांना एरंडाच्या पानांचा शेक चालू आहे का, हेही तिनेच विचारलंय. मी काहीच विचारलेलं नाही. तुम्हाला काही विचारायची माझी आता पात्रता राहिलेली नाही हे मला ठाऊक आहे, आणि हे पत्र त्या विषयावर नाही.

पत्रच का, असं तुम्ही म्हणाल. तर अहमदपूरच्या त्या रविवारपासून आज चार महिने सहा दिवस झाले, तुमचा फोन मला लागत नाही. मेसेजवर एकच टिक येते आणि एकटीच उभी राहते. किल्ल्यात (म्हणजे आपल्या मोबाईलवरच्या त्या खेळात, जो आई अजूनही 'ते तलवारीचं' म्हणते) तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझलेला आहे. मी मात्र ठरल्याप्रमाणे रोज संध्याकाळी सात ते आठ चबुतऱ्यावर बसून असतो. मेलेले खेळाडू तिथेच परत उठतात, त्यामुळे वर्दळ असते. परवा एक अनोळखी खेळाडू उठला आणि मी इतका वेळ एका जागी बसलेला पाहून त्याला वाटलं की मी माणूस नसून खेळातच बसवलेला चौकीदार आहे. त्याने मला अदबीने विचारलं की माझं पुढचं काम काय. मी त्याला उत्तर बुरुजावर पाठवलं. उत्तर बुरुजावर काहीच नाही. बिचाऱ्याचे लई हाल झाले असतील, पण मलाही कुणाला तरी कुठे तरी पाठवायचं होतं.

आता विषयाकडे येतो. हे पत्र खुलासा म्हणून लिहून राहिलो. गेल्या महिन्यात लातूरला आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा झाला. त्याची पुस्तिका निघाली, बाराशे प्रती. त्यातल्या पान सत्त्याऐंशीवर माझा फोटो आहे (निळा शर्ट, चेहरा दाखला हरवलेल्या माणसासारखा) आणि त्याखाली 'जोडीदाराबद्दल अपेक्षा' या रकान्यात एक मजकूर छापून आलाय. बाराशे प्रती म्हणजे काही कमी नव्हेत. तुमच्या दुकानात मोटर वाइंडिंगला येणारं एखादं गिऱ्हाईक ती पुस्तिका घेऊन येईल, पान उघडून तुमच्यापुढे धरील, आणि तो मजकूर वाचून तो तुमच्याबद्दल आहे असा तुमचा गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे. तरी सदर मजकूर तुमच्याबद्दल नाही, हे मी पहिल्याच पानावर स्पष्ट करतो. तो तिथे कसा आला ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे शंका राहायला नको.

मी टोपणनावाने एका कथांच्या ॲपवर कादंबरी लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेच तर सगळं दुखणं आहे. तरी खुलासा पूर्ण असावा म्हणून लिहितो. विष्णुपुरीत एका खोलीत राहणारे इंजिनिअरिंगचे दोन विद्यार्थी एका संध्याकाळी खेळता खेळता किल्ल्याच्या आतच ओढले जातात. एक रुद्रसेन, तलवारवाला, पायरी एकतीस. दुसरा फिरोज, कारागीर, जो किल्ल्यातली बंद पडलेली चाकं आणि विजेची दारं तांब्याच्या तारा गुंडाळून पुन्हा चालू करतो. दोघं सात मजले चढत जातात आणि चढता चढता एकमेकांवर जीव लावून बसतात, पण बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे किती, तर एकसष्ट भागांत त्यांनी एकमेकांचा हात एकदाच धरला, तोही नाडी बघायला. चार हजार वाचक आहेत, बहुतेक बाया, सांगलीपासून जालन्यापर्यंतच्या, आणि त्या प्रत्येक भागाखाली मला शिव्या देतात की आता तरी हात धरायला लावा. (भाषेबद्दलही तक्रार असते. सहा वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसून माझा राक्षससुद्धा 'उपरोक्त तलवार' असं बोलायला लागलाय.) नावं मी बदलली होती. नाक, चष्मा आणि शिंकायची पद्धत तशीच ठेवली होती, पण मला वाटलं, नाव बदललं की माणूस बदलतो. आमच्या टेबलावर तरी तसंच आहे.

तर मेळाव्याचा अर्ज मोबाईलवरच भरायचा होता. आई माझ्या डोक्यावर उभी, एका हातात माझा जुना पासपोर्ट फोटो आणि दुसऱ्या हातात फोडणीची पळी, आज शेवटची तारीख हाय म्हणून सारखं बजावत. उंची भरली, शिक्षण भरलं, नोकरी कायम भरली. अपेक्षेच्या रकान्यासाठी आईने सांगितलं तसं मी एका बाजूला लिहून ठेवलं होतं: सुशिक्षित, मनमिळाऊ, आईला सांभाळून घेणारी. ते उचलून तिथे चिकटवायचं एवढंच काम. पण त्याच्या पाच मिनिटं आधी मी कादंबरीचा एक परिच्छेद उचलला होता, आणि बोटाने तोच चिकटवला. तेवढ्यात लाईट गेली, आईने पळीनेच माझ्या दंडावर टोचलं, आणि मी न वाचता पाठवून दिलं. (रोज लोकांना सांगतो, सही करायच्या आधी नाव नीट वाचा, नंतर दुरुस्तीला तीन महिने लागतात.) पुस्तिका छापण्याआधी तपासायला दोन निवृत्त गुरुजी बसले होते म्हणे. त्यांनी फोटो उलटे नाहीत ना एवढंच पाहिलं असणार.

मेळावा दणक्यात झाला. मंगल कार्यालय गच्च भरलेलं, खुर्च्यांना पांढरी कापडं, पुढे वधूपिते आणि मागे आम्ही उमेदवार, नंबर छातीला लावून. वंदना झाली, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले, आणि मग एकेकाला मंचावर बोलावून सूत्रसंचालक पुस्तिकेतली माहिती वाचायला लागले. हे गृहस्थ चाळीस वर्षं शाळेत कविता शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना उंची आणि वजनसुद्धा चालीत वाचता येत होतं. माझा नंबर आला. मी उभा. पाच फूट सात इंच झालं, बी.ई. झालं, कायम नोकरीला आईच्या आजूबाजूला जराशी हालचाल झाली. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि भरल्या आवाजात वाचलं:

"अपेक्षा. हातांना तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास. लढाईत कायम डाव्या बाजूला. शेवटची औषधाची कुपी दुसऱ्याला पाजून, मला तहानच नव्हती, असं तोंडावर खोटं बोलायची सवय. शिंक आली की सलग चार. असं माणूस शेजारी येऊन बसलं की किल्ल्याला दार नसलं तरी मला भीती वाटत नाही."

शहेबाजभाई, नऊशे माणसं होती. मी वरती उभा, आणि खरं सांगतो, मला लाज वाटायला पाहिजे होती, पण पहिल्यांदा जे वाटलं ती लाज नव्हती. ते मोठ्याने वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. नऊशे माणसांत कुणी तरी ते माईकवर म्हणालं, आणि मला वाटलं, खरंच आहे की हे. मग मागून एका काकांनी हात वर करून विचारलं की लढाई म्हणजे पोरगी पोलिसात पाहिजे का मिलिटरीत. दुसरे म्हणाले, वार्निश म्हणतो म्हणजे फर्निचरवाले चालत असतील. आईच्या शेजारच्या बाईने आईला विचारलं की हे काय हो, आणि माझी आई, पारूबाई नरवाडे, जिने मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं दीडशे जणींचा स्वयंपाक केला आणि कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, ती ताठ बसून म्हणाली की आमचा पोरगा बारकाईनं विचार करतो.

आपल्याकडे अपेक्षेचा रकाना कुणी थट्टेवारी नेत नाही. बाकी ठिकाणी लोक हसून सोडून देतील. आपले लोक उमेदवाराची अट म्हणून ती तपासतात आणि पूर्ण करायला बघतात. संध्याकाळपर्यंत आईच्या पिशवीत तीन स्थळं जमली. एकीच्या वडिलांचं कपाटं-पलंगांचं दुकान होतं, वार्निशची हमी. दुसरीचे मामा सांगून गेले की पोरीला धुळीची ॲलर्जी हाय, पण शिंका पाच येतात, एक जास्त, चालंल का बघा. आणि तिसरी आरती, आयटीआय वायरमन, वीज मंडळात शिकाऊ म्हणून खांबावर चढणारी. तांब्याची तार, धोका आणि धैर्य, तिन्ही एका जागी. आई इतकी खूष झाली की तिने मला परत जाताना उसाचा रस पाजला.

(परत जाताना म्हणजे लगेच नव्हे. मध्ये मी आईला मंगल कार्यालयात बायांच्या घोळक्यात बसवून पाऊण तास बाहेर होतो. गंजगोलाईकडे. तुमच्या दुकानासमोर मोसंबीच्या रसाची गाडी लागते, तिथे उभा राहिलो. तीन ग्लास प्यायलो, म्हणून वरचा उसाचा रस मला जड गेला. तुम्ही स्टुलावर बसून मोटरीच्या खाचांत तार भरत होता, मान डावीकडे कलती, जीभ दातांत. चष्मा बदललात. काळी फ्रेम बरी दिसते. वाळलात. तुम्ही एकदा वर पाहिलं आणि मी खांबामागे झालो. रसवाल्याने विचारलं की वाइंडिंगवाल्याकडे काही काम हाय का, आवाज देऊ का. मी न्हाई म्हणलं. रस्ता पंधरा पावलांचा असेल. मी तो नजरेनेच मोजला.)

आरती मागच्या रविवारी आमच्या घरी आली. बघण्याचा कार्यक्रम आम्ही करायचा असतो, पण ती म्हणाली की घर मी बघणार, माझी रजा त्याच दिवशी हाय. सोबत आई-वडील आणि एक टेस्टर. पोहे झाले, आणि दोघांनी जरा बोलून घ्या म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिने आधी टाकीच्या मोटरीचं अर्थिंग तपासलं, ते नव्हतंच, त्यावरून मला पाच मिनिटं झापलं. मग कठड्याला टेकून पर्समधून पुस्तिका काढली, पान सत्त्याऐंशी, आणि मला म्हणाली की माझ्या हाताला तांब्याचा वास येत न्हाई, आम्ही ॲल्युमिनियम वापरतो. मी काही तरी बोलणार होतो. ती थांबवून म्हणाली, "ही अपेक्षा न्हाई हो. हा माणूस तुम्ही बघितलेला हाय." मी टाकीकडे बघत राहिलो. तिने पुस्तिका मिटली, फार दिवस झाले का भेटून, इतकंच विचारलं, आणि मी महिने आणि दिवस दोन्ही सांगितले. तिने खाली जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की या घराचं वायरिंग धोक्याचं हाय, मला इथे नांदायचं न्हाई. सगळा दोष वायरिंगवर घेतला बाईने. जाताना मोटरीचं अर्थिंग करून गेली.

आता इथे खुलासा संपायला पाहिजे. सुट्टीही संपलीय. अण्णाराव, आमचे मोठे बाबू, दोनदा येऊन बघून गेले. एक माणूस तासभर समोर खोळंबलाय, त्याच्या नातवाचं नाव दाखल्यावर चढवायचंय. त्याला मी बसवलंय, पाणी दिलंय, आणि माझ्या हाताला तुम्ही-तुम्ही लिहून कळ लागलीय. बस झालं. तू रागावलास म्हणून मी अदबीने लिहून राहिलो, जणू तुझं-माझं काही टेंडर अडकलंय. शहेबाज, अहमदपूरचं बोलतो. नाही बोललो तर हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

तुला चाचांच्या आजारपणापायी लातूरला जावं लागलं, तेव्हा आपणच ठरवलं होतं ना, दर दुसऱ्या रविवारी अर्ध्या वाटेवर, तू तिकडून, मी इकडून, अहमदपूरच्या स्टँडवर अकरा वाजता. तू गोलाईतून नानखटाई आणायचास, मी आईच्या हातची अंबाडीची भाजी आणि भाकरी. स्टँडच्या मागच्या लिंबाखाली सिमेंटचा एक बाक, एक पाय तुटलेला, त्यावर नीट बसायचं तर दोघांना एकाच बाजूला सरकून बसावं लागतं. लोक म्हणतील, दीड-दोन तासांसाठी येऊन-जाऊन चार तासांचा धक्का कशाला. मला तो प्रवास कधी लांब वाटला नाही. जाताना तर कंधार फाटा कधी येऊन जायचा कळायचं नाही. येताना कळायचं.

त्या रविवारी तू नानखटाईचा पुडा उघडलाच नाहीस. मोबाईल काढलास, त्यावर माझा एकसष्टावा भाग. मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू शोधून काढलंस आणि दोन रात्रींत सगळे वाचलेस. एकसष्टाव्या भागात पूल आहे. त्या पुलाला फळ्याच नाहीत. दोघांनी दोर धरून उभं राहायचं आणि एकेकाने मनातलं एक खरं बोलायचं, तेव्हा कुठे पायाखाली एक फळी येते. फिरोज बोलतो. तो म्हणतो, तू सोबत असलास की मला इथून बाहेर पडायची घाई होत नाही. त्याची फळी येते. मग रुद्रसेन तोंड उघडतो आणि मी भाग संपवला. तू ते सगळं वाचून शांतपणे मला म्हणालास, "फिरोज पुलावर बोलला ना, ते मी बोललो असं धर. आता तुझं सांग."

आणि मी काय म्हणालो, ते तुझ्याइतकं कुणाला पाठ असणार. "अबे, ते वाचकांसाठी असतं." असं म्हणून वर हसलो. तू मान हलवलीस. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसलास, बराच वेळ पुसलास, बरं म्हणालास. नानखटाईचा पुडा न उघडता माझ्या पिशवीत ठेवलास. मला तिथे एक क्षण उभं राहवेना, समोर जी गाडी हलत होती तिच्यात चढलो. ती शिरूर अनंतपाळची निघाली. कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं, आणि चुकून चढलो म्हणायची लाज वाटून मी शेवटपर्यंतचं काढलं. शिरूरला उतरलो तेव्हा परतीची गाडी नव्हती. तिथे माझी एक लांबची आत्या, सरजाबाई. सात वर्षांनी दारात उभा राहिलेला भाचा बघून तिला वाटलं कुणी गेलं. कुणी गेलं न्हाई म्हणलं, तरी तिचा विश्वास बसेना, कारण माझा चेहरा तसाच होता. तिने चुरमुऱ्यांचा सुशीला करून वाढला, मिरची जास्त घातली, आणि मी रडून राहिलो ते मिरचीवर गेलं. त्या गाडीत, त्या दीड तासात, मला तुला द्यायची सगळी उत्तरं सुचली होती. एकापेक्षा एक. तू मात्र तोवर लातूरच्या गाडीत होतास.

तेव्हापासून रुद्रसेन तोंड उघडून पुलावर उभा आहे. बासष्टावा भाग मी एकवीस वेळा लिहिला. (आमच्याकडे मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, नंतर दंड. मी आकडा मुद्दाम जुळवलेला नाही.) प्रत्येक वेळी रुद्रसेन काही तरी हुशारीचं बोलतो आणि फळी येत नाही. वाचक आता शिव्याही देत नाहीत, एक बाई रोज नुसतं विचारते, बरे आहात ना. मला किल्ला का आवडायचा सांगू? तिथे माणूस मेला की चबुतऱ्यावर उठतो, चुकलं की मागच्या दिव्यापाशी जाऊन परत सुरू करता येतं. इथे माझ्या टेबलावर रोज ज्यांच्या मृत्यूच्या नोंदी येतात त्यांचं तसं नसतं. आपलं नांदेड-लातूरचं अंतरही तसं नाही. मला तो रविवार परत पाहिजे होता, तो कुठे मिळेना.

बाकी सर्व ठीक. चाचांना आणि खालांना वाकून सलाम. तुमच्या घरात लहान कुणी नाही, तरी लहानांसाठीचे आशीर्वाद दुकानातल्या मांजरीला द्यावेत. समोरच्या माणसाच्या नातवाचं नाव चढवून हे पत्र पाकिटात घालतो. पत्ता मला पाठ आहे, पण पिनकोड मी तीनदा तपासलाय.

तुझा (हे नुसतं पद्धत म्हणून लिहिलेलं नाही),
आनंदराज

ता. क. माझा निळा स्वेटर तुझ्याकडे राहिलाय. परत मागायला हे पत्र लिहिलं असं वाटेल, म्हणून सांगतो, तो तूच घाल. तुला कोपरात आखूड होतो, मी पाहिलंय.

ता. क. दुसरा. वर पहिल्या पानावर मी लिहिलंय की पान सत्त्याऐंशीवरचा मजकूर तुझ्याबद्दल नाही. सदर खुलासा रद्द समजावा. मजकूर तुझ्याबद्दल आहे. एकसष्टच्या एकसष्ट भाग तुझ्याबद्दल आहेत. राक्षस तेवढे माझे.

ता. क. तिसरा, आणि हा बुधवारी लिहून राहिलो, कारण पाकीट काल टाकलंच नाही. आरतीने नकार दिला म्हणून आई काल चौथं स्थळ काढून बसली होती, एक परिचारिका, हाताला स्पिरिटचा वास येतो म्हणून. मला ते सहन झालं नाही आणि मी तिला सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन, विष्णुपुरीतल्या आपल्या खोलीपासून. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या तीन शर्टांच्या घड्या तिने तशाच घातल्या. चौथा शर्ट उलटाच घडी केला, परत उलगडला. मला वाटलं, आता समाजाचं काढेल, नाही तर तू मुसलमान आणि मी बौद्ध हे काढेल, नाही तर नुसतीच रडेल, आणि त्याचीच मला जास्त भीती होती. डोळे भरले होते तिचे, खोटं कशाला सांगू. तिने मान वर करून विचारलं, "त्या लेकराला हे ठाऊक हाय का?"

मी म्हणलं, न्हाई.

"मंग मला काय सांगून राहिलास? त्याला सांग की."

म्हणून सांगून राहिलो. पुस्तिकेच्या बाराशे प्रतींना सांगून झालं, चार हजार वाचकांना झालं, मंगल कार्यालयाला माईकवरून झालं, आईला झालं, आणि ज्याला सांगायचं तो एकटाच राहिला. शहेबाज, माझं तुझ्यावर लई प्रेम आहे. अहमदपूरला जे म्हणालो ते भिऊन म्हणालो. येत्या रविवारी नको, पोस्टाचा भरवसा नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, अकरा वाजता. तुला येणं जमलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मला नाही चालणार. ये.